नातेवाइकांनी बाहेर थांबू नये

डिसेंबर १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले सुमारे साडेचारशे हिंदू आणि शीख रुग्ण सरहद्द ओलांडून अमृतसरला आणले गेले. त्याच व्यवहारात भारतातल्या रुग्णालयांमधले दोनशेहून अधिक मुसलमान रुग्ण पलीकडे गेले. फाळणीला तोवर तीन वर्षं होऊन गेली होती. कचेऱ्यांतली टेबलं, फौजेच्या पलटणी, ग्रंथालयांतली पुस्तकं यांची वाटणी कधीच उरकली होती. वेड्यांची तेवढी राहिली होती. सआदत हसन मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा या अदलाबदलीवरच बेतलेली आहे. ती मराठीतही पुष्कळांनी वाचली आहे, तिचे नाट्यप्रयोग पाहिले आहेत. पण कथा सरहद्दीपाशी थांबते. खऱ्या रुग्णांना त्यानंतरही जगायचं होतं. त्यांतले काही पुढे रांचीला गेले, बाकीचे अमृतसरला राहिले.

फाळणीआधी अख्ख्या पंजाबाचं मनोरुग्णालय एकच होतं, ते लाहोरचं. ते पाकिस्तानात गेल्यावर भारताच्या वाट्याच्या पंजाबाला अमृतसरला नव्यानं संसार मांडावा लागला. खाटा अपुऱ्या, डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि शहर निर्वासितांनी भरलेलं. देशभरात तरी वेगळं काय होतं? आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी रांचीच्या मूर टेलर यांनी स्वातंत्र्याच्या तोंडावर मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. तेव्हा हिंदुस्थानची लोकसंख्या चाळीस कोटींच्या घरात होती आणि मनोरुग्णांसाठी खाटा सुमारे दहा हजार. त्यातल्या बहुतेक इमारती तुरुंगाच्या नमुन्यावर बांधलेल्या होत्या, आणि त्यांचा कारभारही त्याच नमुन्याचा होता.

कारभार तसा असण्याला कायद्याचंही कारण होतं. १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ तेव्हा चालू होता आणि तो पुढे १९८७ चा कायदा येईपर्यंत टिकला. त्या कायद्यानुसार घरातल्या माणसाला दाखल करायचं तर नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करत, डॉक्टरांचे दाखले जोडत आणि मॅजिस्ट्रेट हुकूम काढत असे. हुकूम निघाला की नातेवाइकांचं काम संपलं. फाटकाच्या आत त्यांना जागा नव्हती. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणची सरकारी मनोरुग्णालयं याच कायद्याखाली चालली. मराठी घरांत ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला पोचवा’ हे थट्टेत म्हटलं जाई, त्या थट्टेच्या तळाशी ही व्यवस्था होती: माणूस पोचवायचा आणि परत यायचं. पुष्कळ जण खरोखरच परत येत आणि पुन्हा तिकडे फिरकत नसत. पाच वर्षं, दहा वर्षं गेली की घरातली खाट दुसऱ्या कुणाची तरी होई, जमिनीचे कागद भावांच्या नावावर चढत, आणि रुग्ण बरा झाला तरी त्याला न्यायला कुणी उरत नसे.

डॉ. विद्यासागर अमृतसरच्या रुग्णालयाचे अधीक्षक झाले तेव्हा ही सगळी अडचण त्यांच्या पुढ्यात होती, वर फाळणीची भर. ज्यांची गावंच दुसऱ्या देशात राहिली, त्यांचे नातेवाईक शोधायचे कुठे? आणि जे नवीन रुग्ण गाड्या-टांग्यांतून आईबापांबरोबर येत होते, त्यांचीही गत दहा वर्षांनी हीच होणार असेल तर दाखल करून उपयोग काय? १९५० च्या दशकात त्यांनी जे केलं ते कागदावर अगदी साधं दिसतं. रुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर आलेल्या माणसांना सांगितलं की परत जाऊ नका, इथेच राहा.

पंजाबात तेव्हा तंबूचं कुणाला नवल नव्हतं. कुरुक्षेत्राच्या छावणीत लाखो निर्वासितांनी कापडाच्या छपराखाली दिवस काढले होते. नवल होतं ते मनोरुग्णालयाच्या फाटकातून नातेवाईक आत शिरण्याचं, आणि आत शिरून तिथेच मुक्काम करण्याचं. रुग्ण त्या तंबूत आपल्या माणसांबरोबर राहत. डॉक्टर आणि कर्मचारी औषधोपचार करत, आणि डॉ. विद्यासागर स्वतः रुग्णांना आणि नातेवाइकांना एकत्र बसवून त्यांच्याशी बोलत. आजार काय असतो, तो कसा बरा होतो, बाहेरच्या बाधेचा त्याच्याशी संबंध का नाही, घरी नेल्यावर कसं वागायचं, हे सगळं तिथे बोललं जाई. त्यांच्या बोलण्यात धर्मग्रंथांतले दाखले आणि पुराणातल्या गोष्टी येत. शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला हे जरा कीर्तनाच्या वळणाचं वाटेल. वाटो. ऐकणाऱ्यांत शेतकरी होते, निर्वासित होते, अक्षर न ओळखणाऱ्या बायका होत्या. त्यांना फ्रॉइडच्या भाषेत सांगून काय पोचणार होतं?

तंबूंमुळे काय साधलं? रुग्ण अनोळखी भिंतीत एकटा पडत नव्हता, त्यामुळे त्याची भीती कमी होई. बरं वाटू लागल्यावर त्याला न्यायला माणूस तिथेच हजर असे, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहण्याचा प्रश्न येत नसे. काही आठवड्यांत माणसं घरी परतू लागली. आणि कुटुंब घरी जाताना नुसता रुग्ण नेत नव्हतं, आजाराची माहितीही नेत होतं. शेजारच्या तंबूतला मुलगा महिन्याभरापूर्वी कसा होता आणि आता कसा आहे, हे आईनं डोळ्यांनी पाहिलेलं असे. हा आजार बरा होतो यावर तिचा विश्वास बसवायला आणखी कुठलं व्याख्यान लागत नव्हतं. ती आई गावात परत गेली की शेजारच्या घरात तसंच काही घडल्यावर सल्ला द्यायला तयार होती. आज याला ‘सामाजिक मानसिक आरोग्य’ म्हणतात आणि त्यावर प्रकल्प-अहवाल लिहिले जातात.

हे सगळं शक्य व्हायला आणखी एक गोष्ट वेळेवर घडली होती. पॅरिसमध्ये १९५२ साली झां दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर मनोरुग्णांवर करून पाहिला आणि त्याचे परिणाम थक्क करणारे निघाले. हे औषध दशक संपायच्या आत भारतात पोचलं. त्याआधी विजेचे झटके होते, इन्शुलिनची गुंगी होती. पण ते उपचार रुग्णालयाच्या भिंतीतच द्यावे लागत. गोळी घरी देता येते. मात्र गोळी घरी द्यायची तर ती देणारा माणूस घरात हवा. सकाळी दिली का, रात्री गिळली की थुंकून टाकली, हात थरथरतात म्हणून स्वतःच बंद तर केली नाही ना, हे पाहणारा. नव्या औषधाची पूर्ण ताकद वापरायला जुन्या कुटुंबाची गरज होती, आणि अमृतसरला ते कुटुंब आधीच दाराशी येऊन बसलं होतं.

याच वर्षांत अमेरिकेतही कुटुंबं रुग्णालयात राहायला आली होती, हा योगायोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत रंगतदार भाग वाटतो. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचं नवं कोरं रुग्णालय होतं. मरे बोवेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ १९५४ मध्ये तिथे रुजू झाले. त्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुण मुलींच्या आयांना मुलींबरोबर वॉर्डात राहायला बोलावलं. पुढच्याच वर्षी त्यांनी वडिलांनाही बोलावलं, मग भावंडांनाही. अख्खी कुटुंबं महिनोन्‌महिने वॉर्डात राहत होती, परिचारिका त्यांच्या प्रत्येक भांडणाची, रुसव्याची आणि जेवणाच्या टेबलावरच्या शांततेची नोंद ठेवत होत्या. १९५९ पर्यंत हा प्रयोग चालला आणि त्यातून पाश्चात्त्य कुटुंब-उपचाराची एक मोठी परंपरा जन्माला आली.

दोन्हीकडे रुग्णाशेजारी त्याची आई बसलेली होती. पण बेथेस्डात ती का बसली होती? तर आजाराचं मूळ तिच्यात असावं, असा संशय होता म्हणून. फ्रिडा फ्रॉम-रीकमन यांनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली होती: वरून प्रेमळ, आतून थंड, मुलाला वाढू न देणारी. पालो आल्टोमध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये म्हटलं की घरातून सतत एकमेकांना छेद देणारे संदेश मिळाले की मूल अशा कोंडीत सापडतं, तिथून बाहेर पडायचा रस्ता त्याला वेडातच दिसतो. बोवेन यांचा सुरुवातीचा तर्कही आई आणि मूल यांच्यातल्या न सुटलेल्या गुंत्याचाच होता. नंतर त्यांनी दोष एकट्या आईवरून काढून पूर्ण कुटुंबाच्या व्यवस्थेवर ठेवला. ही मोठी उडी होती, आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तरीही कुटुंब त्या खोलीत आलं ते संशयित म्हणून, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या असंख्य आयांनी मुलाच्या आजाराबरोबर या संशयाचंही ओझं वाहिलं. मेंदूच्या जैविक अभ्यासानं ही आई-दोषाची उपपत्ती पुढे मोडीत काढली, पण तोवर त्या आया म्हाताऱ्या झाल्या होत्या.

त्याच्याही आधी तर नातेवाइकाला खोलीत प्रवेशच नव्हता. फ्रॉइड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या व्हिएन्नातल्या व्याख्यानांत रुग्णाच्या घरच्यांविषयी चांगलीच नाराजी व्यक्त केली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती सगळे नातलग गोळा होऊन नाक खुपसू लागले तर शल्यविशारदाचं काय होईल, अशा अर्थाचा त्यांचा सवाल होता. गंमत म्हणजे, त्यांचा सर्वांत प्रसिद्ध बालरुग्ण, ‘छोटा हान्स’, त्यांनी तपासला तो मुलाच्या वडिलांच्या हातून. पण तत्त्व म्हणून मनोविश्लेषण दोघांचंच राहिलं. एक कोचावर, एक कोचामागे.

कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तेव्हा हीच पद्धत त्यांनी आणली. अर्थात त्यात त्यांनी आपल्या मतांची भर घातली आणि त्यावरून फ्रॉइड यांच्याशी पत्रांतून वादही घातला. पण कोच ही शहरी, शिकलेल्या, वेळ आणि पैसा असलेल्या माणसाची सोय होती. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग काढायचं काम याच बोसांनी १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात केलं आणि मुंबईत के. आर. मसानी यांनी १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात केलं. तिथे मात्र घरचा माणूस टाळणं अवघड होतं. आपल्याकडच्या कुठल्याही जनरल वॉर्डात जा, खाटेखाली चटई असते आणि खिडकीत डबा. कुणीतरी मुक्कामाला आहे हे गृहीतच असतं. मनोरुग्णालय हीच काय ती एक जागा होती, जिथे हा रिवाज कायद्यानं तोडला होता.

विद्यासागरांनी तो परत जोडला, एवढंच. त्यांनी सिद्धांत मांडला नाही, संस्था काढली नाही आणि लेखनही फारसं केलं नाही. कदाचित म्हणूनच मानसशास्त्राच्या पुस्तकांत बोवेन यांच्यावर प्रकरण असतं आणि विद्यासागरांवर एखादं वाक्य. त्यांचं काम जगाला कळलं त्यात मॉरिस कार्स्टेर्स यांचा वाटा होता. हे एडिंबरोचे प्राध्यापक. राजस्थानच्या एका गावात राहून त्यांनी ‘द ट्वाइस-बॉर्न’ हे पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे भारतातलं घर त्यांना परकं नव्हतं. अमृतसरच्या तंबूंबद्दल ते आवर्जून लिहीत आणि सांगत. विद्यासागर पुढे रोहतकच्या मेडिकल कॉलेजात गेले.

दक्षिणेत हीच गोष्ट जास्त पद्धतशीरपणे झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानं १९५७ मध्ये बागायम इथे मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं. फ्लॉरेन्स निकोल्स या डॉक्टरबाईंनी त्याची मुहूर्तमेढ रोवली. तिथे रुग्णाबरोबर घरचा माणूस राहणार हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं आणि खोल्या त्या हिशेबानं होत्या. १९६३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या नियतकालिकात वेल्लोरच्या या कुटुंब-पद्धतीवर लेख छापून आला. अमेरिकन वाचकाला त्यात सर्वांत विचित्र काय वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो: नातेवाईक स्वयंपाक करतात, आंघोळ घालतात, आणि तरीही कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही.

बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तीच १९७४ मध्ये ‘निमहान्स’ झाली. देशभरातले मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ते इथे शिकून गेले. तिथल्या एन. सी. सूर्या आणि एस. एस. जयराम यांनी १९६४ मध्ये एक छोटासा निबंध लिहिला. भारतीय रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकातल्या रुग्णासारखा वागत नाही, हे तिथल्या प्रत्येक डॉक्टरला दिसत होतं. या दोघांनी ते मोकळेपणानं मांडलं. आपला रुग्ण मनाच्या तळाशी काय आहे हे खोदायला फारसा उत्सुक नसतो. समोरच्या अडचणीत मला आधार द्या, काय करू ते सांगा, असं त्याचं म्हणणं असतं. डॉक्टरला तो तटस्थ राहू देत नाही, नात्यात ओढतो. त्याच्या डोळ्यांसमोर आधाराचा जो नमुना असतो तो घरातल्या वडीलधाऱ्याचा. नऊ वर्षांनी जे. एस. नेकी यांनी याच धाग्याला पुढे नेऊन गुरू-शिष्याच्या नात्याचा विचार मानसोपचारासाठी करता येईल असं सुचवलं. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. गुरू चुकला तर शिष्यानं काय करायचं, याचं उत्तर आपल्या परंपरेत फार सोयीचं नाही.

बंगळूरच्या संस्थेत कुटुंबासाठी वेगळा वॉर्ड झाला आणि त्यातल्या उपचारांचा आढावा १९७२ मध्ये भारतीय मानसोपचार नियतकालिकात आला. पण या टप्प्यावर एक बदल हळूच घडला. अमृतसरला कुटुंब मदतीला होतं. बंगळूरमध्ये डॉक्टर कुटुंबाकडेही पाहू लागले. सासू-सुनेत कोण कुणाशी थेट बोलतं आणि कोण तिसऱ्याच्या तोंडून निरोप देतं? घरातला निर्णय कोण घेतो? रुग्ण आजारी पडल्यानं कुणाचं काय थांबलं आणि कुणाचं काय सुटलं? आर. एस. भट्टी, एन. जानकीरामय्या आणि एस. एम. चन्नबसवण्णा यांनी तिथे अनेक कुटुंबांना एकत्र बसवून गटात बोलतं करायची पद्धत बसवली. एका घरातल्या माणसाला स्वतःच्या घरातलं जे दिसत नाही ते दुसऱ्या घरातल्याला लख्ख दिसतं, हे त्यामागचं व्यवहारज्ञान. या कुटुंब वॉर्डावरचा त्यांचा लेख १९८० मध्ये ‘फॅमिली प्रोसेस’मध्ये आला. हे तेच नियतकालिक, जे बेटसन यांचे सहकारी डॉन जॅक्सन आणि न्यूयॉर्कचे नेथन ॲकरमन यांनी १९६२ मध्ये काढलं होतं. आईला संशयाच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या परंपरेच्या घरात आता बंगळूरची माणसं पाहुणी म्हणून गेली होती, आणि ती पाहुणी यजमानांपेक्षा जरा अधिक शहाणी होती असं माझं मत आहे.

मात्र आपली पाठ थोपटून घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ‘कुटुंब’ म्हणजे नक्की कोण? तंबूत, वेल्लोरच्या खोलीत, बंगळूरच्या वॉर्डात आठवडेच्या आठवडे कोण राहू शकत होतं? शेतावरचा किंवा गिरणीतला माणूस रजा किती घेणार? आजारी नवऱ्यापाशी बायको राहते. आजारी बायकोपाशी तिची आई राहते, क्वचित नवरा, आणि पुष्कळदा तर तिला माहेरी पोचवून सासर मोकळं होतं. आपली सगळी कुटुंब-पद्धत बाईच्या बिनपगारी श्रमावर उभी होती, आणि तीस वर्षं ती इतक्या सहजपणे चालली की त्या बाईला झोप लागते का, असं विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

सुचलं ते १९८१ मध्ये. बंगळूरच्या शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी मनोरुग्णाच्या कुटुंबावर पडणारं ओझं मोजायची प्रश्नावली तयार केली. रुग्णाची कमाई बुडाली तर किती, उपचारांसाठी कर्ज काढलं का, लग्नकार्याला जाणं बंद झालं का, मुलांची शाळा सुटली का, घरात कुणाची तब्येत बिघडली, शेजारपाजारचं येणं-जाणं उरलं का. प्रश्न अगदी घरगुती, पण ते क्रमानं विचारून, गुण देऊन मांडले की डॉक्टरांनाही नजरेआड करता येत नाहीत. ही प्रश्नावली पुढे देशात आणि देशाबाहेर शेकडो अभ्यासांत वापरली गेली. याच दोघांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट तपासली: परिचारिका नेमानं घरी जाऊन भेट देत राहिली तर रुग्णाला दाखल न करताही चांगला गुण येतो आणि घरच्यांचं ओझंही हलकं होतं.

कुटुंबामुळेच आपल्याकडचे रुग्ण लवकर बरे होतात का, हा वाद मात्र अजून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यात भारतातलं केंद्र आग्रा होतं. १९७९ मध्ये पाठपुराव्याचे निष्कर्ष आले तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या पंडितांना धक्का बसला. आग्रा आणि नायजेरियातलं इबादान इथले रुग्ण डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या किंवा वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारले होते. कारण कुटुंबात शोधायचं, तर लंडनमध्ये घरातलं वागणं मोजून असं आढळलं होतं की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याच्यात फार जास्त गुंतलं जातं, तिथे आजार उलटतो. एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी हेच मोजमाप चंडीगडला आणि आसपासच्या गावांत लावलं. १९८७ मध्ये त्यांनी छापलं की इथल्या नातेवाइकांमध्ये अशी टीका लंडनच्या मानानं बरीच कमी आहे, आणि गावात तर शहराहूनही कमी. यावर पुढे शंका घेतल्या गेल्या: उपचार सोडून गेलेल्यांचं काय, हरवलेल्यांचं काय, नमुना किती मोठा होता. शंका रास्त आहेत. पण आईला आजाराचं कारण मानण्यापासून आईच्या शांतपणाला औषध मानण्यापर्यंतचा हा प्रवास चाळीसेक वर्षांत झाला, याची नोंद तरी घ्यायला हवी.

महाराष्ट्रात या विचाराला सर्वांत ठळक रूप आलं ते व्यसनमुक्तीत. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. १९८६ मध्ये त्यांनी आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेही त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात. ज्या येरवड्याला माणूस ‘पोचवायचा’ असे, तिथेच आता दारुड्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट बसू लागला. तिथे बायको नवऱ्याला सांभाळायची युक्ती शिकायला येत नसे, किमान तेवढ्यासाठीच नसे. तिचं स्वतःचं काय झालं हे तिथे पहिल्यांदा विचारलं जाई. पै आणि कपूर यांच्या प्रश्नावलीतला प्रश्न इथे गुणांकनाशिवाय, चहाबरोबर विचारला जात होता.

दुसरं नाव डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. धुळ्याचा हा माणूस कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होता. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. नातेवाइकांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. त्यात आजारी शेषला अतुल कुलकर्णी यांनी उभं केलं, पण चित्रपटाचा भार त्याच्या बहिणीवर, सीनावर आहे. भाऊ, नवरा, मूल आणि स्वतःचा संसार या सगळ्यांत ओढली जाणारी बाई. मराठी प्रेक्षकानं शुभार्थीबरोबर शुभंकरही पाहिला. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्ण आणि त्याला सांभाळणारा यांना याच नावांनी बोलावतात.

कुटुंबाची दुसरी बाजू २००१ मध्ये जळून वर आली. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरं होती. ६ ऑगस्टच्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जिवंत जळाले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक नातेवाईकच होते. काही कंटाळले होते, काहींना पैसे पाठवणं परवडत होतं पण घरात ठेवणं परवडत नव्हतं, आणि काहींना खरोखर वाटत होतं की दर्ग्यात गुण येईल. अमृतसरच्या तंबूत आणि एरवाडीच्या छपराखाली माणसं आणणारं कुटुंब एकच होतं. फरक इतकाच की अमृतसरला कुणीतरी त्या कुटुंबाला ‘थांब’ म्हणालं होतं, आणि थांबायला जागा दिली होती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या नात्याची फेरमांडणी केली. सज्ञान रुग्ण आपल्या वतीनं बोलायला कुणालाही नामनिर्देशित करू शकतो. तो भाऊ असायलाच हवा असं नाही, मैत्रीणही चालेल. रक्ताचं नातं आपोआप पहिलं येत नाही. रुग्णानं कुणाचं नाव दिलं नसेल तरच नातेवाइकाचा क्रमांक लागतो. अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी यावर आक्षेप घेतला. कागदपत्रं वाढतील, घरच्यांचा हात आखडेल आणि आपल्या देशात घराशिवाय उपचार चालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रुग्ण-हक्कांची चळवळ करणाऱ्यांनी उलट विचारलं की ज्या घरानं साखळदंड घातला त्याच्याच हाती किल्ली द्यायची का. या कायद्याच्या ८७ व्या कलमात मात्र दोन्ही बाजूंनी फारशी कुरकूर न केलेली एक तरतूद आहे. रुग्ण अल्पवयीन असेल तर त्याचा प्रतिनिधी, किंवा प्रतिनिधीनं नेमलेला माणूस, दाखल असेपर्यंत सगळा वेळ त्याच्याबरोबर रुग्णालयात राहिलाच पाहिजे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर त्यानं तिच्यासोबत राहायला एक बाई नेमली पाहिजे. अठरा वर्षांवरच्या रुग्णाबरोबर कोण राहणार, हे अजून ज्या त्या वॉर्डावर आणि ज्या त्या घरावर आहे.